चौघांच्या घरात वर्षाचं धान्य भरावं का? किती, कसं, आणि काय भरू नये

नवी_कोठी

नमस्कार मंडळी. पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, घरात दोन मोठे आणि दोन शाळकरी मुलं. सध्या सगळा किराणा महिन्याच्या महिन्याला पाकीटबंद येतो आणि बिल चढतंच आहे. यंदा मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचं भरून टाकावं असा विचार आहे.

सकाळी पोळ्या, रात्री आठवड्यातून तीन-चारदा भाकरी, रोज वरण किंवा आमटी, एक वेळ भात. एवढ्या खाण्याला काय किती लागेल? फ्लॅटमध्ये कीड न लागता वर्ष निघेल का? की हे सगळं अंगण असलेल्या घरांचं काम आहे? आणि खरंच पैसे वाचतात का, की नुसतं मनाचं समाधान?

भुसार_गल्ली

वाचतात, पण सगळ्या जिनसांत सारखे नाही. आधी हिशेब मांडू.

एका मध्यम पोळीला 30 ग्रॅम पीठ लागतं. चौघांना दोन वेळच्या मिळून 16 पोळ्या धरल्या तर दिवसाला 480 ग्रॅम. तुमच्याकडे निम्म्या रात्री भाकरी आहे, म्हणजे गहू महिन्याला 11 किलोच्या आसपास. भाकरी 80 ग्रॅम पिठाची, रात्रीच्या सहा, महिन्यात पंधरा रात्री: ज्वारी सात-सव्वासात किलो. डाळ दिवसाला 120 ग्रॅम, म्हणजे महिन्याला साडेतीन किलो. पण ती सगळी तूर नको. त्यातली अडीच किलो तूर धरा, बाकीची मूग-मसूर. वर्षाचा आकडा असा: गहू 130, ज्वारी 85, तूरडाळ 30. एवढी जागा दोन खोल्यांत नसेल तर गहू सहा महिन्यांचाच घ्या. गव्हाच्या भावात वर्षभरात होणारा चढ-उतार डाळीइतका मोठा नसतो.

गव्हाचं गणित उघडच करून बघा. समजा गहू 38 रुपये किलो, दळणावळ 7 रुपये, आणि निवडण्यात-चाळण्यात दोन टक्के तूट. पीठ पडलं पावणेसेहेचाळीस ते सेहेचाळीस रुपयांना. तुमच्या पाकिटातल्या आट्याचा भाव शेजारी ठेवा. फरक असतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. गहू घेण्याचं खरं कारण म्हणजे ताजं, कोंड्यासकट पीठ. खरी बचत डाळ, मिरची, हळद, चिंच यांत. नवी तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते, त्यामुळे बहुतेक वर्षी डाळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये नरम आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत कडक असते. हळद आणि मिरचीही याच दिवसांत बाजारात येतात.

तांदूळ मात्र उलटा. भात निघतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि नवा तांदूळ शिजताना गोळा होतो, फुगतही कमी. जुन्या तांदळाचा त्याच मापात भात जास्त होतो. मार्चमध्ये घेताना ‘नवा की गेल्या सालचा’ हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. कोलम जुनाच बरा. इंद्रायणी मुळातच चिकट, तिथे जुन्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. आणि तांदूळ चार महिन्यांपेक्षा जास्त भरू नका.

कराची एक गोष्ट लक्षात असू द्या. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळ आणि पिठावर 5 टक्के जीएसटी आहे. सुट्यावर नाही, 25 किलोच्या वरच्या गोणीवरही नाही. बाजारात 26 किलोची तांदळाची गोणी दिसू लागली ती त्यामुळे. म्हणून दोन घरांनी मिळून एक मोठी गोणी घेणं सरळ फायद्याचं. वजन करून घेताना बारदान वजा झालंय ना ते बघा. 50 किलोचं तागाचं पोतं स्वतःच अर्ध्या किलोच्या वर भरतं.

घेण्याआधी ओलावा तपासा, बाकी सगळं त्यावर आहे. दाणा दाताखाली धरला की कट् आवाज होऊन तुटला पाहिजे. चेपला गेला तर ओला. पक्की खात्री हवी असेल तर काचेची कोरडी बाटली घ्या, तीन भाग धान्य, एक भाग उन्हात कडक वाळवलेलं मीठ, झाकण लावून दहा मिनिटं हलवत राहा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, तो माल भरायचा नाही. मीठ सगळं खाली बसलं तर चालेल, तरी एक-दोन उन्हं दाखवाच.

पत्र्याचा_डबा

किडीचं मी सांगतो, कारण वर्षाचं भरून ऑगस्टमध्ये अर्धं टाकून दिलं तर भुसार_गल्ली यांचा वरचा सगळा हिशेब पाण्यात.

कीड बाहेरून नंतर येते हा गैरसमज आहे. बहुतेक वेळा ती धान्याबरोबरच घरात येते. गव्हा-तांदळातल्या सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, म्हणून वरून दाणा स्वच्छ दिसतो. मूग, मटकी, चवळी, हरभरा यांच्यावरचा भुंगा दाण्याच्या सालीवर अंडी घालतो, बऱ्याचदा शेतातच. मटकी तळहातावर घेऊन उजेडात बघा: सालीवर पांढरे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चिकटलेले दिसले तर ती अंडी. असा माल भाव कमी असला तरी घेऊ नका. भुंग्याला अख्खा दाणा लागतो, भरडलेल्या डाळीत तो नीट वाढत नाही. म्हणून वर्षाची डाळ भरणं सोपं आणि वर्षाची अख्खी कडधान्यं भरणं धोक्याचं. कडधान्यं दोन महिन्यांचीच घ्या. जास्त घेतलीच तर किलो-किलोच्या पिशव्या करून, तोंड घट्ट बांधून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर हवेतलं पाणी गार दाण्यांवर जमतं आणि तुम्हीच बुरशीला आमंत्रण देता.

आता ऊन. फ्लॅटला गच्ची मिळत असेल तर काळं प्लॅस्टिक अंथरा, त्यावर गहू-ज्वारी-डाळ बोटाच्या एका पेराएवढ्या जाडीत पसरा, मधूनमधून हात फिरवा. एप्रिलच्या उन्हात काळ्या प्लॅस्टिकवर धान्य चांगलं तापतं, आणि 50 अंशांच्या वर गेलं की त्यात किडीचा निभाव लागत नाही. दोन-तीन उन्हं पुरतात. संध्याकाळी घरात आणून सुती चादरीखाली रात्रभर गार होऊ द्यायचं आणि मगच भरायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं: गरम धान्य कोठीत ओतून झाकण लावतात, रात्री पत्रा गार होतो, आतून घाम सुटतो, आणि महिन्याभरात वरच्या थरात कुबट वास येऊन गठ्ठे होतात.

तांदळाला ऊन दाखवायचं नाही. दाण्याला चिरा जातात आणि भात करताना कणी होते.

एरंडेल तेल: तूरडाळीला किलोमागे एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण 5 मिली. परातीत दोन-दोन किलो घेऊन तळव्यांनी चोळा, प्रत्येक दाण्यावर चकाकी आली पाहिजे. जास्त घातलं तर डाळ वरचेवर धुवावी लागते, कमी घातलं तर कोरडे राहिलेले दाणे किडतात. शिजवण्याआधी कोमट पाण्यात दोनदा धुतली की तेल निघतं. गव्हाला याच्या निम्मं लावा आणि चक्कीवाल्याला आधी सांगा. सहा महिन्यांचाच गहू असेल तर तेलाची गरज नाही.

कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत इतका वाळवा की मुठीत चुरा झाला पाहिजे. ओलसर पाला घालणं म्हणजे कोठीत पाणी ओतणं.

जे करायचं नाही ते नीट वाचा. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, सेल्फॉस वगैरे नावाने मिळतात त्या, घरात आणायच्याच नाहीत. त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, तो बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. गोदामात प्रशिक्षित लोकांनी वापरायची ती वस्तू आहे. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. बोरिक पावडर तांदळाला चोळण्याची पद्धत अजून आहे, पण ती पोटात जाण्याची वस्तू नाही.

कोठी पत्र्याची किंवा स्टीलची, घट्ट झाकणाची, आणि काठोकाठ भरलेली. अर्धी कोठी म्हणजे किडीला हवा आणि जागा दोन्ही. 130 किलोसाठी एक मोठी घेण्यापेक्षा 40-50 किलोच्या तीन घ्या, एक संपल्याशिवाय दुसरी उघडू नका. महिन्याचं धान्य एकदाच काढून छोट्या डब्यात घ्या, झाकणाच्या कडेला चिकटपट्टी. खाली लाकडी फळी, भिंतीपासून वीतभर लांब, आणि बाथरूमच्या भिंतीला लागून तर नाहीच. उरलेल्या जुन्या धान्यावर नवं ओतायचं नाही. रिकामी कोठी गरम पाण्याने धुऊन, सांध्यांतलं जुनं पीठ ब्रशने काढून, दिवसभर उन्हात.

शाळू

ज्वारीबद्दल थोडं. रब्बीची मालदांडी घ्या. सोलापूर, मंगळवेढा भागातला माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. दाणा मोत्यासारखा गोल, पांढरा, तुकतुकीत. खरिपाच्या ज्वारीवर पाऊस पडला की दाणा काळा पडतो. ती स्वस्त असते, पण भाकरी काळपट आणि चवीला कडसर.

85 किलो ज्वारी ठेवा, पण दळण दोन-तीन किलोच्या वर एका वेळी टाकू नका. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते: थापताना कडेला चिरा पडतात, उचलताना तुटते, आणि लोक ज्वारीला नावं ठेवतात. तसं पीठ टाकून द्यायचं कारण नाही. एक वाटी पाणी मीठ घालून उकळवा, गॅस बंद करून त्यात एक वाटी पीठ टाका, उलथन्याच्या टोकाने ढवळून झाकून दहा मिनिटं ठेवा, मग पाण्याचा हात लावून खूप मळा. या उकडीच्या भाकऱ्या लाटताही येतात.

बाजरीचं पीठ त्याहून नाजूक, आठवड्याभरात कडू व्हायला लागतं, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. बाजरी थंडीतच, आठ दिवसांचं दळण. गव्हाचं पीठ महिनाभर ठीक.

नवी_कोठी

मंडळी, एवढं तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे गहू सहा महिन्यांचा, ज्वारी आणि तूरडाळ वर्षाची, तांदूळ चार महिन्यांचा, कडधान्यं दोन महिन्यांची. अजून तीन शंका. तेलाचा 15चा डबा घ्यावा का? कडधान्यं शिजायला गॅस फार जातो, त्यावर काही? आणि गावी आईंना रेशनचा तांदूळ मिळतो, त्यात काही दाणे वेगळेच पांढरे दिसतात. आई ते वेचून टाकतात, त्यांना प्लॅस्टिकचे वाटतात. काय प्रकार आहे?

गणंग

गॅसचं सांगते.

शिट्ट्या मोजणं सोडा, मिनिटं मोजा. शिट्टी म्हणजे वाया गेलेली वाफ. कुकर पूर्ण दाबाला आला, पहिली शिट्टी व्हायला लागली, की आच बारीक करायची, इतकी की शिट्टी पुन्हा होणार नाही पण कुकर सुसू करत राहील. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ त्यानंतर आठ ते दहा मिनिटांत गळते. रात्रभर भिजवलेले छोले-हरभरे पंधरा ते वीस मिनिटांत. मग बंद करून झाकण आपोआप उघडेपर्यंत थांबा. ती शेवटची दहा मिनिटं फुकटची शिजवण आहे, नळाखाली कुकर धरून ती घालवू नका. डाळ, भात, बटाटे एकाच वेळी तीन भांड्यांत. डाळ तळाशी, भात वर. डाळीला अडीच पट पाणी. भांडं पाऊण भागाच्या वर भरू नका, नाहीतर डाळ उतू जाऊन शिट्टीच्या नळीत अडकते.

डाळ शिजत नाही याची कारणं तीनच असतात. डाळ फार जुनी, पाणी बोअरचं जड, किंवा चिंच-टोमॅटो-कोकम आधीच घातलं. आंबट पडलं की डाळीची साल आणि गर मऊ होत नाही, म्हणून आंबट नेहमी शिजल्यावर. जड पाण्याला वाटीभर डाळीमागे चिमूटभर खाण्याचा सोडा, त्याहून जास्त घातला तर साबणासारखी चव येते.

वर 30 किलो तूर सांगितली आहे, त्यातलीही थोडी कमी होईल. दोन भाग तूर आणि एक भाग मसूर एकत्र शिजवली तर आमटीत फरक कळत नाही आणि मसूर लवकर गळते. मूगडाळ मिसळली तर वरण गार झाल्यावर घट्ट बसतं, ते लगेच खायचं असेल तरच. आठवड्यातून एकदा कुळथाचं पिठलं: अर्धी वाटी पीठ, तीन वाट्या पाणी, लसूण-मिरचीची फोडणी, वरून कोकम. चौघांना पुरतं, आणि त्या दिवशी डाळही नाही, भाजीही नाही.

मोड हा सगळ्यात स्वस्त गुणाकार. एक वाटी मटकीची मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होते. आठ-दहा तास भिजवा, पाणी पूर्ण निथळून ओल्या फडक्यात सैल बांधा, वर झाकण. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस धरा आणि पुरचुंडी कुकरच्या उबेशेजारी ठेवा. बुळबुळीत होऊन वास आला तर समजा पाणी निथळलं नव्हतं किंवा फडकं फार घट्ट बांधलं होतं. भिजवल्यावर जे दाणे आकसलेले, टणक राहतात ते गणंग. आत्ताच वेचा. ते शिजतही नाहीत आणि उसळीत दाताखाली आले की दाढ हलवतात. (सदस्यनाम तिथूनच घेतलंय.)

भाज्यांचं दोनच ओळींत: आषाढ-श्रावणात भाजी कडाडते, त्यासाठी आत्ताच उन्हात सांडगे घाला. एक किलो मूगडाळ किंवा मटकीची डाळ चार तास भिजवून, पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाटायची. लसूण, मिरची, जिरं, हिंग, मीठ घालून बोराएवढे सांडगे प्लॅस्टिकवर, तीन-चार कडक उन्हं. फोडून बघा: आत पांढुरकी ओल दिसली तर अजून एक ऊन. पाणी घालून वाटलं तर सांडगे पसरतात आणि आतून वाळतच नाहीत.

भुसार_गल्ली

तेलाचा डबा घेताना आधी ‘किलो की लिटर’ ते वाचा. एक लिटर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर तेल, आणि 15 लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर. दोन्ही डबे दुकानात शेजारी शेजारी उभे असतात आणि लांबून सारखेच दिसतात. पाकिटांचंही तेच: 910 ग्रॅमच्या शेजारी 870 किंवा 800 ग्रॅमचं पाकीट असतं. पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरांत दर ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, तोच बघायचा. समजा 870 ग्रॅम 140 रुपयांना आणि 910 ग्रॅम 145 ला: पहिलं पडतं 16.09 पैसे ग्रॅम, दुसरं 15.93. पाच रुपयांनी ‘स्वस्त’ दिसणारं पाकीट महाग निघालं.

चौघांना माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटर तेल पुरायला हवं. साडेसोळा लिटर म्हणजे तुम्हाला साडेपाच ते आठ महिने, आणि उघडलेला डबा एवढा वेळ ठेवला तर तेलाला खवट वास येतो. तीन घरांत वाटून घ्या, स्टीलच्या बरणीत, शेगडीपासून लांब. शेंगदाणे, खोबरं, पोहे, रवा, मैदा हेही महिन्याचं महिन्यालाच.

कांदा भरायचा तर उन्हाळ, एप्रिल-मे मधला. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. मध्यम आकार, मान बारीक आणि सुकलेली, साल दुहेरी. जाड मानेचा कांदा आधी कुजतो आणि शेजारच्यांना लावतो. फ्लॅटमध्ये 20-25 किलोच्या वर नको, हवेशीर टोपलीत किंवा बाल्कनीत ऊन-पाऊस लागणार नाही असा पसरून, बटाट्यांपासून लांब, आठवड्याला हात फिरवून कुजका बाहेर. पाऊस सुरू झाला की मोड यायला लागतात, जुलैअखेर संपवा.

शाळू

रेशनच्या तांदळाचं राहिलं. ते दाणे प्लॅस्टिकचे नाहीत, फोर्टिफाइड आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात आणि 100 दाण्यांमागे एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. रंग थोडा वेगळा, काही वेळा पाण्यावर तरंगतात, त्यामुळे संशय येतो. तुमच्या आई वेचून टाकतात तेच नेमकं पौष्टिक. हळूच दोनदा धुवा, पाच-सहा वेळा चोळून नको, आणि भात मोजक्या पाण्यात शिजवा, पेज ओतून टाकू नका. ओतलीच तर आमटीत घाला.

त्या तांदळाचा भात आवडत नसेल तर तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ, एक चमचा मेथी असं भिजवून इडली-डोशाला वापरा. त्यात तरंगणारे दाणे ओतले जाणार नाहीत एवढं बघा, पाणी गाळणीतून काढा.